बारावा हौद

ते आटपाट नगर नव्हतं. नगरच नव्हतं. नुसती वाळू होती, आणि वाळूच्या एका कडेनं एक नदी वाहायची. फार फार जुनी गोष्ट. माणूस अजून तिकडं पोचला नव्हता, त्यामुळे राज्याचा सगळा कारभार जनावरंच बघत, आणि अगदी माणसासारखा बघत.

नदीपासून वाळवंटात अकरा कोस आतपर्यंत एक कालवा गेला होता. तो कुणी खणला हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून जो तो सांगायचा की आमच्या आजोबांनी खणला. नदीवर पहिला हौद, मग दर कोसाला एक, असे बारा दगडी हौद होते आणि प्रत्येकावर त्याचा आकडा कोरलेला होता. पाण्याची पाळी आली की निवांतराव कासव नदीवरचं लाकडी दार उचलत. ते राज्याचे पाटकरी होते, म्हणजे दार उघडायचं आणि लावायचं एवढीच त्यांची पिढीजात नोकरी. पाणी एकेक हौद भरत पुढं सरकायचं. बाराव्या दिवशी बारावा हौद भरला की तिथली घंटा वाजे, ती ऐकून अकराव्याची, मग दहाव्याची, आणि असं करत करत निरोप नदीपर्यंत आला की निवांतराव दार लावून जेवायला बसत.

या राज्यात दोन रीती होत्या. पहिली अशी, की राजानं बाराव्या हौदावर राहायचं. हो, शेवटच्या. आम्हालाही आधी हे खरं वाटलं नव्हतं. पण जुनी जनावरं विचारी होती. राजाला पाणी मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं, हे त्यांना त्यातून न विचारता कळायचं.

दुसरी रीत गाळपाटीची. नदीबरोबर दरवर्षी गाळ येई आणि कालवा बुजू लागे. पूर्वी जो तो आपल्या वावरापुरता गाळ काढायचा, त्यानं पाणी तिथंच थबकायचं आणि खालच्यांशी डोकी फुटायची. म्हणून ठरलं, की सगळ्यांनी एकाच दिवशी गाळ काढायचा आणि पहिली पाटी राजानं उचलायची. राजानं उचलल्याशिवाय दुसऱ्या कुणी गाळाला पाय लावला, तर त्याची पाळी वर्षभर बंद.

लांबोजी उंटानं या रीती एकोणीस वर्षं पाळल्या. तहान लागली की तो कालव्याच्या काठाकाठानं वर चालत जाई आणि बांध कुणी फोडला ते स्वतः बघून येई. त्याच्या राज्यात फारसं काही घडलं नाही. म्हणून त्याच्याविषयी इतिहासात फारसं लिहिलेलंही नाही. तो म्हातारा होऊन वारला आणि निवडणूक लागली.

निवडणुकीला उदरसेन पाणघोडा उभा राहिला. हा नदीतला. वाळवंटात त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण तो सभेला आला तो अंगातून पाणी निथळत. पुढच्या रांगेतल्या जनावरांनी ते ठिबकणारं पाणी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"खुरवाल्यांनो, नखवाल्यांनो आणि सरपटणाऱ्या बंधूंनो!" उदरसेन गर्जला. "आजवर तुमच्यावर कोरड्यांनी राज्य केलं. कोरड्याला पाण्यातलं काय कळणार? माझ्याकडे बघा. मी पाण्यात जन्मलो, पाण्यात वाढलो, पाण्यातच जांभई देतो!"

"ज्याचं अंग ओलं, त्याचं राज्य भलं!" अशी घोषणा त्याचा मित्र शुभ्रपंत बगळा यानं एका पायावर उभं राहून दिली. ती सगळ्यांनी उचलली. बाराव्या हौदावरच्या जनावरांनी तर सर्वांत मोठ्यानं दिली, कारण तहान त्यांनाच सर्वांत जास्त होती. उदरसेन प्रचंड मतांनी निवडून आला आणि शुभ्रपंत प्रधान झाला.

रीतीप्रमाणे नवे महाराज बाराव्या हौदाकडे राहायला निघाले. अर्धा कोस चालले आणि उन्हानं त्यांच्या पाठीचे पापुद्रे निघू लागले. ते तसेच मागं फिरले, पहिल्या हौदात शिरले आणि हौद व नदीवरचं दार यांच्यामध्ये असे पसरले, की निम्मे महाराज हौदात आणि निम्मे दाराशी.

"पंत, मी काही बाराव्या हौदावर जात नाही," ते म्हणाले.

"रीत आहे, महाराज. रीत मोडली तर प्रजा बिथरेल."

"मग?"

शुभ्रपंतांनी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं ते ध्यान करताहेत. त्यांनी एक मासा गिळला आणि डोळे उघडले.

"महाराजांनी बाराव्या हौदाकडे जायचं कारण नाही. बारावा हौद महाराजांकडे येईल."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. आजपासून नदीवरचा हौद हा बारावा आणि वाळवंटातला शेवटचा हौद हा पहिला. मधल्यांनी त्याच हिशेबानं आपापले आकडे बदलावेत. दगडावरचे आकडे बदलायला सुतारपक्षी लावले. त्यात चार चोची मोडल्या, त्यांना शहीद चोची म्हणून जाहीर केलं.

आता खरं म्हणजे इथं कुणीतरी विचारायला हवं होतं. पण झालं असं, की वाळवंटातल्या जनावरांना आनंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या ती बारावी होती, एका दुपारी पहिली झाली. ढोल वाजले. साळिंदर काशाबानं आपल्या काट्यांना शेंदूर लावून घेतला. सहावा आणि सातवा या हौदांची तर नुसती अदलाबदल झाली होती, तरी त्यांनीही सत्कार करून घेतला.

धुरपा गाढवीणसुद्धा त्या मिरवणुकीत नाचली. हे तिनं नंतर कधी लपवलं नाही. धुरपाचं वावर अगदी शेवटच्या हौदाला लागून होतं आणि त्यात ती खरबुजं लावायची. पिवळ्या सालीची, हिरव्या रेघांची. ते बी तिच्या आजीपासून चालत आलेलं, दुसरीकडं कुठं रुजत नसे. दरवर्षी खरबूज खायचं, बी वाळवायचं, मडक्यात ठेवायचं आणि पुढल्या साली तेच लावायचं. एका साली वेल जळाला की बी संपलं, आणि मग जगात ते खरबूज नाही.

पाळी आली. निवांतरावांनी दार उचललं. बारावा हौद, म्हणजे ज्यात महाराज बसले होते तो, न्याहारीच्या सुमाराला भरला. घंटा वाजली आणि निवांतरावांनी नियमाप्रमाणे दार लावलं.

"पूर्वी पाणी बाराव्या हौदापर्यंत पोचायला बारा दिवस लागायचे," शुभ्रपंतांनी जाहीर केलं. "आज ते न्याहारीच्या आत पोचतं. एवढी प्रगती कुठल्या राज्यानं केली आहे?"

खरंच कुठल्याही राज्यानं केली नव्हती.

महाराज हौदात कूस बदलत, तेव्हा थोडं पाणी उसळून बाहेर पडे. त्यावर जवळचे दोन-तीन हौद कसेबसे ओले राहिले. त्या भागाला प्रगत विभाग असं नाव पडलं. तिथली जनावरं सांगू लागली की आम्ही कष्टाळू आहोत म्हणून आमच्याकडे पाणी आहे. खालच्या कालव्यात मात्र सरडे फिरायला लागले.

धुरपानं एक पाळी वाट पाहिली, दोन पाळ्या पाहिली. वावरात एक जुनी विहीर होती, खारट. तिचं पाणी वेलांना घालून तिनं ते कसेबसे तगवले. तीस वेल होते, त्यातले अकरा राहिले. मग ती अकरा कोस चालत नदीवरच्या नव्या राजधानीला गेली.

"हौद क्रमांक?" शुभ्रपंतांनी विचारलं.

"बारावा. न्हाई, पयला. तुमीच केला न्हवं."

"अडचण?"

"पानी न्हाई वो. टिपूस न्हाई. येल जळाय लागल्यात."

"बाई, जरा डोकं चालवा. पहिला हौद भरल्याशिवाय बारावा भरेल का?"

"न्हाई भरनार."

"बारावा भरलाय का? तो बघा, महाराज डुंबताहेत."

"भरलाय."

"म्हणजे पहिला भरलाच होता."

धुरपानं यावर बराच वेळ विचार केला. कुठंतरी चुकतंय हे तिला कळत होतं, पण कुठं ते सापडेना.

"मंग माजं पानी गेलं कुटं?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारतो आहोत," शुभ्रपंत गंभीर होऊन म्हणाले. "कालव्याच्या तोंडाशी बसलेले लोक नेहमी जास्तीचं पाणी उपसतात, हे जगजाहीर आहे. तोंडाशी कोण आहे? पहिला हौद. पहिल्या हौदावर कोण राहतं?"

धुरपा पाणीचोर ठरली. नुकसानभरपाई म्हणून तिनं दर चार दिवसांनी आपल्या विहिरीच्या दोन पखाली राजधानीला पोचवाव्यात, असा हुकूम झाला. पखाल कुणाच्या कातड्याची होती ते विचारायचं नसे.

तेव्हापासून धुरपा वाळवंटातून नदीकडे पाणी वाहू लागली. खारट पाणी, दोन पखाली, अकरा कोस. ती आली की निवांतराव कवचातून मान काढून तिच्याकडे बघत आणि पुन्हा आत घेत. एकदा तिनं त्यांना गाठलंच.

"निवांतराव, तुमाला तरी खरं ठावं हाय."

"ठाऊक आहे, धुरपाबाई. पण माझं काम बाराव्याची घंटा ऐकून दार लावण्याचं. बारावा कुठला, हे ठरवण्याचं काम माझं नाही."

"आन् माजं येल?"

"वेलांविषयी मला मनापासून वाईट वाटतं," निवांतराव म्हणाले, आणि ते खरंच वाटत होतं. म्हणूनच ते जास्त चीड आणणारं होतं.

पुढं एक मोठा प्रश्न उभा राहिला. नव्या आकड्यांप्रमाणे पाणी पहिल्याकडून बाराव्याकडे जायला हवं होतं, म्हणजे वाळवंटाकडून नदीकडे. प्रत्यक्षात, जेव्हा वाहायचं तेव्हा, ते उलटं वाहत होतं. पाणी उलटं का वाहतं हे शोधायला समिती नेमली. समितीत तीन खेकडे होते. त्यांनी कालव्याची तिरकी पाहणी केली आणि अहवाल दिला, की पाण्यात बाहेरच्या विचारांचा शिरकाव झाला आहे.

या सगळ्या गडबडीत गाळपाटीचा दिवस आला. पहिली पाटी महाराजांनी उचलायची, तर त्यासाठी हौदातून बाहेर पडायला हवं. महाराजांनी ऊन बघितलं आणि मुहूर्त पुढं ढकलला. पुढच्या महिन्यातही ढकलला. तिसऱ्यांदा काय सांगावं ते सुचेना, तेव्हा शुभ्रपंतांनी गाळावर भाषण केलं.

"गाळ म्हणजे काय? आपल्या नदीमातेनं शेकडो कोसांवरून आणलेली आपलीच माती! आणि ती उचलून फेकून द्या म्हणणारे हे कोण?"

टाळ्या पडल्या. 'गाळ आमचा अभिमान' असं लिहिलेल्या पाट्या लागल्या, आणि रिकाम्या पाट्या घेऊन आलेली जनावरं त्या वाचून घरी गेली.

दोन पूर येऊन गेले. दाराशी महाराज पसरलेले, त्यामुळे गाळाला अडायला चांगली जागा मिळाली. तो त्यांच्या मागं साठला, बाजूंनी साठला, पोटाखाली शिरला. महाराजांना वाटलं आपण उंच होतो आहोत. मग उन्हाळा आला, नदी उतरली, आणि एका सकाळी महाराज जांभई देऊन कूस बदलायला गेले तर कूस बदलेना. चिखल गळ्यापर्यंत चढून वाळला होता. हौदात एक थेंब नव्हता.

"वाचवा!" महाराज ओरडले. "गाळ काढा! ताबडतोब गाळ काढा!"

घंटांवरून निरोप गेला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बाराही हौदांची जनावरं पाट्या घेऊन धावत आली. महाराजांच्या भोवती गर्दी झाली. पण कुणी हलेना.

"काढा ना!" शुभ्रपंत किंचाळले.

निवांतरावांनी मान बाहेर काढली. "नियमाप्रमाणे पहिली पाटी महाराजांची. आधी दुसऱ्या कुणी गाळाला पाय लावला तर वर्षभर पाळी बंद."

"अहो, तेच तर आत रुतलेत!"

"ते मी पाहतोच आहे," निवांतराव म्हणाले.

तेवढ्यात धुरपा आपल्या दोन पखाली घेऊन पोचली. गेल्या साली खाऱ्या पाण्यावर जेमतेम बी धरलं होतं, त्यातून यंदा तिच्या वावरात सहाच वेल उभे राहिले होते. सहाही फुलावर होते, आणि विहीर आता इतकी खारावली होती की फुलांना ते पाणी चालणार नव्हतं. चार दिवसांत गोडं पाणी पोचलं नाही तर बी संपणार होतं. चालताना सगळी वाट ती तेवढाच विचार करत आली होती.

शुभ्रपंतांनी डोळे मिटून उघडले. या खेपेला मासा नव्हता.

"फर्मान! जो कोणी पहिली पाटी उचलेल, त्याला तेवढ्यापुरता राजा समजण्यात येईल. म्हणजे रीतही राहिली आणि गाळही निघाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नावं बदलून कामं उरकण्याची आता त्यांना सवय झाली होती. पण पुढं कुणी येईना. राजाची पाटी उचलायची म्हणजे उद्या काय अंगाशी येईल याचा नेम नव्हता. शुभ्रपंतांची नजर धुरपावर पडली. हिला ओझ्याची सवय आहे, सत्तेची नाही, असा त्यांनी हिशेब केला.

"धुरपाबाई, राज्यासाठी एवढं कराल?"

"करीन की. पर राजा कुटवर?"

"पाटी खाली ठेवेपर्यंत."

निवांतरावांनी हे फर्मान नियमाप्रमाणे तीनदा मोठ्यानं वाचलं आणि घंटा वाजवली. धुरपानं पखाली उतरवल्या. काशाबा साळिंदरानं पाटीत गाळ भरून ती तिच्या पाठीवर बांधली. धुरपा उभी राहिली.

"झालं! ठेवा आता," शुभ्रपंत म्हणाले.

"ठेवते की. घाई काय हाय?"

शुभ्रपंतांचा वर उचललेला पाय हळूच खाली आला.

"म्या दोन साल पखाली वाहिल्यात, परधानजी. पाटी म्हंजी मला काय वझं न्हाई," धुरपा म्हणाली. "निवांतराव, आता राजा कोन?"

"आपण, महाराज," निवांतराव म्हणाले. त्यांनी नियम पुन्हा मनात तपासला होता.

"मंग ऐका. एक, समद्यांनी गाळ काढा. दोन, हौदाचं आकडं व्हतं तसं करा. तीन, राजानं बाराव्या हौदावर ऱ्हायाचं. म्हनून मी चालले घरी."

"आणि मी?" चिखलातून उदरसेनानं विचारलं.

धुरपानं मागं वळून बघितलं. तिला त्याचा राग आला होता, पण त्याची भेगाळलेली पाठ बघून जरा कणवही आली. "तुमी बी राजाच न्हवं? तुमी बी या तिकडंच."

बारा हौदांची जनावरं एकदम गाळावर तुटून पडली. दोन वर्षं दाबून धरलेला राग पाट्यांत भरभरून बाहेर पडत होता. दुपारपर्यंत महाराजांच्या पुढचा कालवा मोकळा झाला, मग बाजूचा, आणि मागचा शेवटचा थर काढून निवांतरावांनी दार उचललं तसा नदीचा लोंढा आत घुसला. पाळीचं पाणी हौदाहौदावर थांबत जाई, हा लोंढा कुठंच थांबला नाही. त्यानं गाळ, पाट्या, 'गाळ आमचा अभिमान' हे फलक आणि महाराज असं सगळं एकदमच उचललं. पुरात भोपळा जावा तसे महाराज गडगडत खाली निघाले. हौदाहौदावर मागं राहिलेली प्रजा उभी होती. काहींना वाटलं महाराजांचा दौरा आहे, त्यांनी फुलं टाकली.

धुरपा काठाकाठानं पाटी घेऊन चालत होती. तिच्या डोक्यावरून शुभ्रपंत उडत होते. तिसऱ्या हौदापाशी त्यांनी तिला राजभूषण पदवी देऊ केली, पाचव्यापाशी समितीचं अध्यक्षपद, आठव्यापाशी तिच्या नावाची घंटा.

"पाटी तेवढी ठेवा, बाई. दमला असाल."

"न्हाई दमले," धुरपा म्हणायची आणि चालायची.

मागनं सुतारपक्षी आकडे उलटे करत येत होते. या खेपेला एकही चोच मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी पोचली. महाराज आधीच येऊन बाराव्या हौदात घट्ट बसले होते. हौद काठोकाठ भरला होता आणि पाणी छोट्या चारीनं तिच्या वावरात शिरत होतं. सहापैकी चार वेल हिरवे होते. धुरपानं घंटा वाजवली. ती अकराव्यानं ऐकली, मग दहाव्यानं. मग तिनं पाटी खाली ठेवली, आपल्याच वावरात, वेलांच्या बुडाशी, आणि ती पुन्हा गाढवीण झाली. राज्याच्या वंशावळीत तिचं नाव नाही.

उदरसेन महाराज परत जाऊ शकले नाहीत. अकरा कोस ऊन होतं. पाळी एक दिवस जरी लांबली तरी हौदातलं पाणी उतरे आणि त्यांची पाठ उघडी पडे. मग ते असा हंबरडा फोडत, की पार नदीपर्यंतचे बांध आपोआप दुरुस्त होत. गाळपाटीच्या दिवशी पहाटेच ते तोंडात पाटी धरून तयार असत. पुढची नऊ वर्षं पाणी शेवटपर्यंत पोचलं आणि धुरपाची खरबुजं सगळ्या राज्यात गेली. बखरकारांनी लिहून ठेवलं आहे, की महाराजांच्या स्वभावात थोर पालट झाला. स्वभाव तोच होता. पत्ता बदलला होता.

मग तेही वारले. शुभ्रपंतांनी एका पायावर उभं राहून शोक केला आणि निवडणूक जाहीर केली. सहा उमेदवार उभे राहिले. बाराव्या हौदावर सभा झाली आणि सहाही जणांनी शेवटच्या हौदापर्यंत पाणी पोचवण्याची शपथ घेतली. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून म्हातारी धुरपा उठली. तिनं विचारलं, की तुमच्यापैकी इथं राहायला कोण येणार.

वेळेअभावी प्रश्नोत्तरं होऊ शकली नाहीत.